बंद करायची सही

अँटिबायोटिक सुरू करायला आपल्याकडे माणसांची कमतरता नाही. कॅज्युअल्टीत ताप दिसला की मेरोपेनेम लागतं. साहेबांना ‘कव्हर’ हवं असतं, नातेवाइकांना काहीतरी ‘स्ट्राँग’. ताप डेंग्यूचा निघाला तरी इंजेक्शन चालूच राहतं. विषाणूला त्याचं काही वाटत नाही, ही गोष्ट वेगळी.

बंद कोणी करायचं? सुरू करणाऱ्याची ड्युटी संपलेली. मोठे साहेब आणखी दोन हॉस्पिटलं उरकून रात्री येणार. निवासी डॉक्टर कशाला अंगावर घेईल? तो फाइलवर ‘सीएसटी’ लिहून मोकळा. (मुंबईकरांनी लोकल शोधू नये, चालू उपचार चालू ठेवा, एवढाच अर्थ.)

कल्चरसाठीचं रक्त पहिल्या डोसच्या आधी घ्यायचं असतं. आपण ते दोन डोस टोचून झाल्यावर घेतो. मग बाटलीत काही उगवलं नाही की अँटिबायोटिकने कमाल केली! उगवलंच, तर 48 ते 72 तासांत रिपोर्ट येतो: साधं, स्वस्त औषध चालेल. थांबून विचार करायची वेळ हीच. पण पेशंट आता ‘सेटल’ झालाय, आणि सेटल पेशंटला कोण हात लावतो? उलट जोडीला मेट्रोनिडाझोल. त्याच्या वाट्याचे बहुतेक जंतू मेरोपेनेम आधीच मारतं, पण एअरबॅग असलेल्या गाडीलाही आपण लिंबू-मिरची टांगतोच की.

ऑपरेशनचं तर विचारूच नका. चिरा देण्याआधी तासाभरात एक डोस, बहुतेक स्वच्छ शस्त्रक्रियांना तेवढा पुरतो. आपल्याकडे पाच दिवस इंजेक्शनं आणि घरी जाताना पाच दिवसांच्या गोळ्या. थिएटरच्या स्वच्छतेवर आपला स्वतःचा किती विश्वास आहे, ते या गोळ्यांवरून कळतं.

नियम भरपूर आहेत. 2014 पासून अशा औषधांच्या विक्रीला लगाम घालणारं ‘शेड्यूल एच1’ आहे. जानेवारी 2024 मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने डॉक्टरांना पत्रच धाडलं: अँटिबायोटिक देताना ते का देताय, हेही लिहा. हॉस्पिटलची स्वतःची पॉलिसीही असते, छान स्पायरल बाइंडिंग केलेली. हॉस्पिटलांना मानांकन देणाऱ्या एनएबीएचची तपासणी आली की ती कपाटातून बाहेर पडते.

तिकडे आयसीयूतला क्लेबसिएला हा जंतू मात्र शिस्तीचा. तो रोज हजर असतो आणि मेरोपेनेमला सरावतो. मग कोलिस्टिन काढायचं. किडनीला त्रास देतं म्हणून कित्येक वर्षं बाजूला ठेवलेलं हे औषध जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘राखीव’ यादीत आहे. राखीव कोट्यातून सीट मिळवायची आपल्याला सवय आहेच.

तरी ‘बंद करा’ म्हणणारं कोणीच नाही, असं नाही. विम्याचा टीपीए आहे! महागड्या इंजेक्शनचं बिल गेलं की तो विचारतो, कल्चर रिपोर्ट कुठाय? साहेबांना जे विचारायची मायक्रोबायोलॉजीच्या मॅडमची छाती होत नाही, ते तो एका ईमेलवर विचारतो आणि संध्याकाळी इंजेक्शन थांबतं. ज्यांचा विमा नाही, त्यांचं पैसे संपले की थांबतं.