शिरवळी भविष्यकाळ

इंग्रजी क्रियापदाला स्वतःचं भविष्यकाळी रूपच नाही. विल, शल, गोइंग टू अशी सगळी उसनवारी. तरी २००० सालापासून आपली पोरं पहिलीतच इंग्रजीला जुंपली जातात. 'आय' अन् 'वुई'ला शल, बाकीच्यांना विल हा तर्खडकरी नियम खुद्द साहेबानं कधीच माळ्यावर टाकला. आपल्या गाईडांत तो अजून ठणठणीत आहे.

ठरलेल्या वेळेच्या गाडीला म्हणे साधा वर्तमानकाळ लावावा: 'द बस लीव्ज ॲट सिक्स.' शिरवळ फाट्यावरच्या वडापला तो लावून बघा! तिथं चालतं ते 'इफ'चं वाक्य: दहा सीटं भरली तर जीप 'विल' हलणार. आणि 'इफ'च्या पोटात विल घालायचं नाही, हे ड्रायव्हरला न शिकता कळतं. सीटं भरण्याचं वचन तो देतच नाही. 'कधी निघणार?' विचारलं की हातातला चहा न सांडता म्हणतो, 'निघालोच!' भविष्यासाठी थेट भूतकाळ.

या वळणात वाढलेलं पोरगं एमआयडीसीत मुलाखतीला गेलं. 'व्हेन विल यू जॉइन?'

'सर, आय जॉइन्ड!'

साहेबांनी हजेरीपत्रक तपासलं म्हणतात.