रुंद पायांच्या गिऱ्हाइकाचे सायकल दुकानदारसाहेबांस अनावृत पत्र

श्रीमान दुकानदारसाहेब यांस,
कृतानेक साष्टांग नमस्कार वि. वि.

पत्रास कारण की, आपण दिलेले बूट आणि पेडल यांमुळे आपली आठवण रोज येते. चवड्यापासून सुरू होते, पोटरीपर्यंत जाते.

आपली पारख काय वर्णावी! पाय रुंद आहेत असं मी म्हणालो, तर आपण पायांकडे न बघताच ४२ नंबर काढलात. करंगळीला आवळतोय म्हटलं, तर "वापरून सैल होईल" असा आशीर्वाद दिलात. कार्बनचा तळ वापरून सैल होतो, हे गुपित आपण कंपनीलाही कळवावं. रुंद पंज्याचा जोड मागितला तेव्हा उदार मनाने ४३ पुढे केलात. टाच आत मोकळी फिरू लागली, चवडा होता तिथेच अडकलेला.

मी फक्त कर्वे रस्त्यावरचं ऑफिस आणि रविवारचं खेड शिवापूर एवढंच सांगितलं होतं. आपण थेट सायकलपटू बर्नार इनो यांच्यापर्यंत पोचलात. स्कीला पाय अडकवणाऱ्या लूक कंपनीने १९८४ साली तीच युक्ती सायकलच्या पेडलला लावली आणि १९८५ ची टूर द फ्रान्स इनोंनी त्यावर जिंकली. अगदी खरं. फक्त इनोसाहेबांना येताना मंडईत उतरायचं नव्हतं.

पेडलात अडकायला बुटाच्या तळाला लावलेल्या त्या क्लीटने माझा मानही वाढवला. ऑफिसच्या फरशीवर टकटक ऐकून शिपाई उठून उभे राहतात.

कात्रजच्या चढावर तर आपल्याला मनोमन हात जोडले. तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या मधे कुणी उदबत्ती टेकवावी तशी आग. बोगद्याच्या अलीकडे कठड्यावर बसून बूट काढला. मोज्याची शिवण कातडीत उमटलेली, करंगळी शेजारणीखाली शिरून पांढरीफटक. एकेक बोट हाताने सुटं केलं. चहावाल्याने न मागता पाण्याचा जग आणून ठेवला.

पुढे फिजिओथेरपिस्ट बाईंनी समजावलं, की बोटांकडे जाणाऱ्या नसा चवड्याच्या हाडांमधून जातात. अरुंद बूट त्यांना बाजूंनी दाबतो, छोटं पेडल खालून. क्लीट टाचेकडे थोडी सरकवली तर चवड्यावरचा भार हलका होतो. आपण ती पार पुढे नेऊन घट्ट पिळली होतीत. मेहनतीत कसूर नाही!

आता सपाट, तळव्याला भरपूर टेकू देणारं, बारीक पिनांचं पेडल लावलंय आणि रुंद पंज्याचा, कडक तळाचा साधा बूट घालतो. (धावायचे मऊ बूट नकोत, त्यांतून पेडलची कड टोचते.) आग थांबली, क्षमस्व.

जुनं पेडल काढताना डावीकडचे आटे उलटे असतात, हे आपल्या पोऱ्याला मीच सांगितलं. शिकवणीची फी बिलातून वळती करावी.

एवढी कृपा करावी: दुकानात एक मोजपट्टी ठेवावी. गिऱ्हाइकाला संध्याकाळी, पाय फुगलेले असताना बोलवावं. लांबीबरोबर रुंदीही मोजावी, आणि दोन्ही पायांची.

कळावे. लोभ आहेच, तो वाढू नये, ही विनंती.

आपलं,
रुंद पायांचं गिऱ्हाईक

ता. क. वाचकहो, चवडा जळत असेल तर आधी बुटाचा पुढचा पट्टा सैल करा. नाही थांबलं तर क्लीट मागे घ्या. तरीही नाही, तर बूट बदला आणि जमल्यास दुकानही.