जादा टाकी

लालबागच्या चाळींखाली उभ्या मोटरसायकलींना हल्ली मूळ टाकी पुरत नाही. दोन्ही बाजूंना लाल जेरीकॅन टांगले, की गाडी ‘टुरिंग’ होते. कारण विचारा, उत्तर तयार: मनाली-लेह रस्त्यावरच्या तांडीच्या पंपावरली ती प्रसिद्ध पाटी, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. आता हिमालयन ४११ची टाकी १५ लिटरची. लिटरला तीस किलोमीटर धरले तरी पाटीला पुरून उरते. पण हिशेब करून का कुणी हौस भागवतो?

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीपुस्तकातल्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करू देत नाही. त्यावरही परळच्या गॅरेजवाल्याकडे तोडगा आहे. ब्रॅकेटचे नट आवळत तो सांगतो, “हवालदाराने अडवलंच तर पाण्याचा कॅन म्हणायचं, शेठ.”

एवढा जामानिमा करून गाडी रोज जाते कुठे? क्रॉफर्ड मार्केटला, हापिसात. बारालाचा खिंडीची ४,८९० मीटर उंची चढायला सज्ज असलेल्या या गाडीला जे.जे. उड्डाणपूल मात्र चढता येत नाही. तिथे दुचाकींना बंदी आहे. पुलाखालच्या मोहम्मद अली रोडच्या कोंडीत जादा पेट्रोल खरोखरच कामी येते.