जास्तीचं एक

पाठीवर सिलिंडर एकच मिळतं, हे कळल्यावर भाऊंचं तोंड उतरलं. बोटीवर हुज्जत घालून उपयोग झाला नाही, तेव्हा ते माझ्याकडे वळून म्हणाले, "जाऊ द्या. तुमचं आहेच."

तुमच्याही ओळखीत असा एक भाऊ असणारच. टॉर्चला दुसरा टॉर्च, त्याला मेणबत्ती, मेणबत्तीला दोन काडेपेट्या. गाडीची दुसरी किल्ली करदोट्याला बांधून पोहरादेवीला जाणारा. आमच्या भाऊंनी तर मुलीच्या लग्नात अंतरपाटही दोन आणले होते. विचारलं तर उत्तर ठरलेलं : "राहू द्या ना जी, जास्तीचं एक."

वाशीमचा माणूस समुद्राच्या नादी कसा लागला, हा प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे खोल पाणी म्हणजे एकबुर्जीचं धरण, नाहीतर विहिरी. भाऊ विहिरीतच पोहायला शिकले, पाठीला डबा बांधून. डबे अर्थात दोन. त्यामुळे पाण्याखाली जाणं तेवढं राहून गेलं, ते साठीनंतर उरकायचं त्यांनी ठरवलं. तारकर्लीला रीतसर कोर्स केला. तब्येतीचा दाखला एका डॉक्टरचा चालत होता. भाऊंनी दोघांचे नेले.

मग पुण्याच्या मुलाने वायरलेस डाइव्ह कॉम्प्युटर पाठवला आणि आमची खरी पंचाईत झाली. यंत्र मोठं गुणी. सिलिंडरच्या तोंडाशी रेग्युलेटरवर एक ट्रान्समीटर बसवायचा. तो आतला दाब बिनतारी पाठवतो आणि मनगटावर आकडा दिसतो. खोली, वेळ, उरलेली हवा, सगळं तिथेच. "आणि बॅटरी गेली तर?" भाऊंनी विचारलं. म्हणून मग पितळी प्रेशर गेज आलं. त्यात बॅटरीच नाही. वाकवलेली नळी दाबाने सरळ व्हायला बघते आणि काटा हलतो. पाठोपाठ वेगळं डेप्थ गेज, घड्याळ, होकायंत्र, पाटी आणि पाटीच्या पेन्सिली दोन. सगळं अंगावर चढवून भाऊ उभे राहिले की नळ्यांच्या जंजाळात ठिबक सिंचनाच्या प्रात्यक्षिकासारखे दिसत.

मालवणचा पोरगेला इन्स्ट्रक्टर बघतच राहिला. "काका, ह्यां सगळां कित्याक?"

"राहू द्या ना जी, जास्तीचं एक."

पोरगा समजूतदार होता. सिग्नल गेला तर डाइव्ह तिथेच संपवून सावकाश वर यायचं, सोबत जोडीदार असतोच, असं त्याने सांगितलं. शिवाय जादा नळी म्हणजे गळतीची जादा जागा; तिच्या जोडाची रबरी रिंग फाटली तर हवा त्यातूनच जायची. मुद्दा बिनतोड होता. भाऊंनी खिशातून रबरी रिंगांची पुडी काढून दाखवली. मग दुसरी पुडी.

सिंधुदुर्गाच्या तटापासून जवळच आम्ही उतरलो. निघताना २०० बार, ५० उरले असताना वर पोचायचं, असा हिशेब. खाली गढूळसर हिरवा उजेड, खडकावर प्रवाळ, आणि मध्येच काळ्यापिवळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा आमच्या नाकासमोरून गेला. मी भाऊंना कोपराने ढोसलं. भाऊ मनगटाकडे बघत होते. तिथे १२० होते. मग पितळी गेजकडे. तिथे ११०. पुन्हा मनगट, पुन्हा पितळ. मासे गेले. असा दहा बारांचा फरक पडू शकतो, घाबरण्यासारखं त्यात काही नाही. पण भाऊंनी पाटीवर दोन्ही आकडे लिहिले, मोठा खोडला आणि लहान धरून वर यायची खूण केली.

"काय पाहिलं, काका?" बोटीवर पोराने विचारलं.

"एकशेदहा," भाऊ म्हणाले.

त्या दिवसापुरता मी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

पण भाऊंची शेती कोरडवाहू आहे. मृगात पाऊस पडतो, माणूस पेरून मोकळा होतो आणि पाऊस दडी मारतो. उगवलेलं करपतं, दुबार पेरणीला घरात बी लागतं. भाऊंच्या वडिलांच्या घरात एका वर्षी ते नव्हतं. त्या वर्षाबद्दल भाऊ बोलत नाहीत. बाकी सगळं ते दोनदा सांगतात.

म्हणून दर उन्हाळ्यात ते घरच्या सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळतात. ७० उगवले तर बी चांगलं. मग आणखी १०० गुंडाळतात. २०२० च्या खरिपात विकतचं सोयाबीन उगवलं नाही म्हणून विदर्भ-मराठवाड्यात गावोगाव तक्रारी झाल्या, तेव्हा भाऊंच्या कोठीत एकराला तीस किलोच्या हिशेबाने दुप्पट बी होतं. आठवड्यात कोठी रिकामी झाली. पैसे सुगीनंतर द्या, म्हणाले.

उधारी दोन वह्यांत लिहिली होती, हे सांगायला नको. सुगीनंतर मी हिशेबाला बसलो, तर एकाही नावापुढचे आकडे जुळेनात. एका वहीत तीन पोती, दुसरीत दोन.

"भाऊ, यातली खरी कोणती?"

भाऊंनी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या, मोठा आकडा खोडला आणि पान उलटलं.