माध्यमांचा परिणाम न झालेल्या गृहस्थांस अनावृत पत्र

प्रति,
माध्यमांचा ज्यांच्यावर काडीइतकाही परिणाम होत नाही असे श्रीमान गृहस्थ,
मु. पो. गडहिंग्लज, जि. कोल्हापूर.

विषय : माध्यमांचा परिणाम नेहमी शेजाऱ्यावरच का होतो, याबाबत.

महोदय,

वर्तमानपत्र, रेडिओ, टीव्ही, चौकातला डिजिटल फलक आणि खिशातला मोबाइल ही रोजची माध्यमे होत. त्यांचा परिणाम माणसावर होतो, याबद्दल गडहिंग्लजमध्ये दुमत नाही. वाद आहे तो कोणत्या माणसावर होतो एवढ्यापुरताच. सासूच्या मते तो सुनेवर होतो, बापाच्या मते पोरावर, पोराच्या मते बापाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि प्राध्यापकांच्या मते झाडून सगळ्या विद्यार्थ्यांवर. स्वतःवर झाला असे सांगणारा माणूस दसरा चौकापासून वीरशैव चौकापर्यंत शोधूनही भेटत नाही. प्रस्तुत पत्र ज्या गृहस्थांना उद्देशून आहे ते हेच. त्यांची संख्या शहरातल्या सज्ञान लोकसंख्येइतकी भरते.

या गृहस्थांचा शास्त्रीय शोध अमेरिकेत लागला. डब्ल्यू. फिलिप्स डेव्हिसन या समाजशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात दुसऱ्या महायुद्धातली एक हकीकत आहे. इवो जिमा बेटावर अमेरिकी सैन्याची एक तुकडी होती. सैनिक कृष्णवर्णीय, अधिकारी गोरे. हे युद्ध गोऱ्यांचे आहे, त्यांच्यासाठी कशाला मरता, अशा आशयाची पत्रके जपान्यांनी तिच्यावर टाकली. सैनिकांवर त्या पत्रकांचा काही परिणाम झाल्याचा पुरावा सापडला नाही. तुकडी मात्र दुसऱ्या दिवशी मागे घेण्यात आली. पत्रकांनी हलवले ते अधिकाऱ्यांना, आणि तेही सैनिक हलतील या भीतीने. डेव्हिसनने याला तृतीयपुरुषी परिणाम म्हटले : माध्यमे मला नाही, तुला फारशी नाही, पण ‘त्यांना’ नक्की बिघडवतात अशी प्रत्येकाची खात्री असते. हे पत्रही त्याच कारणाने तृतीयपुरुषात लिहिले आहे. थेट ‘तुम्ही’ म्हटले असते, तर गृहस्थांनी ते वाचून शेजारच्या घरी पाठवून दिले असते.

सुरुवात वर्तमानपत्रापासून करणे योग्य, कारण गृहस्थांची सकाळही तिथूनच सुरू होते. चहाच्या टपरीवर कोल्हापूरचा ‘पुढारी’, पुण्यात १९३२ साली जन्मलेला ‘सकाळ’ आणि बेळगावचा ‘तरुण भारत’ अशी दोन राज्यांची शाई एकाच बाकावर येते. गृहस्थ तिन्ही चाळतात आणि पेपरवाले काय वाट्टेल ते छापतात, असा निकाल देतात. निकाल खरा असला तरी मुद्दा निराळा आहे. १९६८ च्या अमेरिकी निवडणुकीत मॅककॉम्ब्स आणि शॉ या दोन संशोधकांनी चॅपल हिल गावातल्या मतदारांना देशापुढचे मोठे प्रश्न विचारले आणि ती यादी बातम्यांशी ताडून पाहिली. बातम्यांत ज्या प्रश्नांना जास्त जागा, तेच मतदारांच्या लेखी मोठे, असे त्यांना आढळले. काय मत बनवावे हे वर्तमानपत्र सांगतेच असे नाही. मत कशावर बनवावे हे मात्र ठरवून देते.

हे गडहिंग्लजमध्येही दिसले. जून २०२२ मध्ये राज्यातले बंडखोर आमदार गुवाहाटीच्या हॉटेलात मुक्कामाला गेले आणि तिथली झाडी कशी, डोंगर केवढा, हॉटेल कसले, याची खबर गडहिंग्लजला तोंडपाठ झाली. गृहस्थांनी त्या महिन्यात राजकारणाविषयी रोज नवे आणि स्वतंत्र मत मांडले. सगळी मते गुवाहाटीबद्दल होती. तालुक्यातल्याच सामानगडाचा डोंगर त्यात आला नाही, हिरण्यकेशीचे पाणी आले नाही, तालुक्याच्या पानावरचे खड्डेही आले नाहीत. पेपरचा परिणाम न झालेल्या माणसाची ही अवस्था, तर परिणाम झालेल्याचे काय होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा विषय इथे वाढवण्याचे कारण नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर पत्रकार पी. साईनाथ यांनी ते प्रकरण चव्हाट्यावर आणले होते. ‘आपल्याला सगळं कळतं’ म्हणणाऱ्या वाचकांना तोवर बातमी आणि जाहिरात वेगळी ओळखता आली नव्हती, एवढी नोंद पुरे.

रेडिओचे प्रकरण थोडक्यात आटोपते. १९६३ साली सुरू झालेल्या आकाशवाणीच्या सांगली केंद्राने दक्षिण महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला बियाणे, खत आणि फवारणीचे शहाणपण शिकवले. शेतकऱ्याने ते ऐकून पीक बदलले आणि तसे सांगायलाही तो लाजला नाही. परिणाम मोकळेपणाने कबूल करणारा श्रोता एवढ्या एकाच माध्यमाला लाभला. गृहस्थांनी रेडिओ ऐकणे पुढे सोडून दिले, हा निव्वळ योगायोग समजावा.

टीव्हीपाशी थांबणे भाग आहे. जानेवारी १९८७ पासून जुलै १९८८ पर्यंत दर रविवारी सकाळी रामानंद सागर यांचे ‘रामायण’ लागे, तेव्हा गावोगावचे रस्ते ओस पडत. ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या सोप्यात अख्खी गल्ली बसे आणि कित्येक ठिकाणी संचाला हार घालून उदबत्ती ओवाळली जाई. आपण फक्त पाहत होतो, हार म्हातारीने घातला, असे गृहस्थ आज सांगतात. म्हातारी आता खुलासा करायला नाही.

पुढे ऑक्टोबर २०१६ मध्ये झी मराठीवर ‘तुझ्यात जीव रंगला’ ही मालिका सुरू झाली आणि खुद्द कोल्हापूरच माध्यमाचा माल झाले. करवीर तालुक्यातल्या वसगडे गावी तिचे चित्रीकरण चाले आणि मालिकेतला वाडा बघायला लांबलांबून गाड्या येत. तिच्या नायकावरून पुण्या-मुंबईतल्या लोकांना कोल्हापूरचा पुरुष म्हणजे तालमीतला, मनाने भाबडा आणि ‘चालतंय की’ एवढे एकच वाक्य येणारा इसम, अशी ओळख झाली. याचे हसू येऊ शकेल. पण ती ओळख कोल्हापूरकरांनीही अंगाला लावून घेतली. ज्यांनी जन्मात लाल माती पाहिली नव्हती, ती पोरे मिशीला पीळ देऊ लागली आणि परगावच्या पाहुण्यापुढे आपलीच बोली जरा जास्त ठसक्यात बोलू लागली. टीव्ही आपल्याकडून बोली घेतो आणि वाढीव मसाला घालून आपल्यालाच परत विकतो. गृहस्थ म्हणतात, आम्ही आधीपासून असेच बोलतो. आधी इतक्या वेळा बोलत नव्हते.

या बाबतीत गडहिंग्लजचा फुटबॉल अपवाद मानावा लागेल. तो टीव्हीने आणला नाही, एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर पिढ्यान्‌पिढ्या पोरे घाम गाळत आली आहेत. क्रिकेटच्या सगळ्या जाहिराती मिळूनही त्याला हटवता आलेले नाही, हे गावाने अभिमानाने मिरवावे. मात्र पाठीवर मेस्सीचे नाव, डोक्याचा अर्धा भाग भादरलेला आणि गोल झाल्यावर धावत जाऊन कॅमेरा नसलेल्या दिशेला उडवलेले चुंबन, हे मैदानातून आलेले नाही.

टीव्हीचा सर्वांत खोल परिणाम भीतीचा आहे. जॉर्ज गर्बनर या अभ्यासकाने १९७० च्या दशकात दाखवले, की तासन्‌तास टीव्ही पाहणाऱ्याला जग प्रत्यक्षात आहे त्याहून जास्त धोक्याचे वाटते. गडहिंग्लजहून पुण्याला शिकायला गेलेल्या मुलीला रात्री नऊनंतर घरून जो फोन येतो, तो पुण्यातल्या परिस्थितीवर अवलंबून नसतो. त्या रात्री वाहिनीने कोणता गुन्हा किती वेळा दाखवला, यावर असतो. पुण्यात वाढलेल्या मैत्रिणीला तो फोन येत नाही. गृहस्थ म्हणतात, ही भीती नव्हे, काळजी. दोन्हींची वेळ तेवढी बातम्यांच्या वेळेशी जुळते.

चौकातल्या डिजिटलला कोणी माध्यम मानत नाही, म्हणूनच ते सर्वांत यशस्वी माध्यम आहे. वाढदिवस, निवड, अभिनंदन, श्रद्धांजली, यात्रा आणि काहीच निमित्त नसणे, अशा सर्व प्रसंगी ते लागते. वर देव, मग नेते, मग मधोमध गॉगल घातलेला ‘भावी’ आणि खाली बोटाच्या पेराएवढ्या चेहऱ्यांच्या रांगा. मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये बेकायदा फलक हटवण्याचे आदेश दिले. त्या आदेशाच्या स्वागताचा फलक कुठे लागला नाही, एवढाच काय तो संयम. गृहस्थ या फलकांकडे बघतसुद्धा नाहीत. पण १९६८ मध्ये रॉबर्ट झायोन्स या मानसशास्त्रज्ञाने निरर्थक शब्द आणि अनोळखी चिन्हे लोकांना वारंवार दाखवली, तेव्हा जे जास्त वेळा दिसले तेच लोकांना जास्त बरे वाटले. नगरपरिषदेच्या मतदानाला गृहस्थ जातात तेव्हा एक चेहरा त्यांना ओळखीचा आणि म्हणून बरा वाटतो. माणूस कामाचा आहे, असे ते म्हणतात. कोणते काम, ते आठवत नाही.

आता मोबाइल. अफवेला मोबाइल लागतोच असे नाही. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही बातमी साध्या टेलिफोनवरून एका दिवसात देशभर आणि परदेशातही पोहोचली होती. द्रवाच्या पृष्ठताणाने चमच्यातले दूध मूर्तीवर ओढले जाते आणि खाली निथळते, हे शास्त्रज्ञांनी आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी लगेच दाखवून दिले. मोबाइलने फरक केला तो वेगाचा आणि बेनामीपणाचा. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, इंटरनेट चहापेक्षा स्वस्त झाले आणि ज्या हातात पेपर जेमतेम होता त्या हातात छापखाना आला.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा येथे पोरे पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते मंगळवेढा भागातले, भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते. पोरे पळवणाऱ्यांच्या अफवा त्या वेळी मोबाइलवरून गावोगाव फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणांपलीकडे पाठवण्यावर बंदी घातली. या प्रकरणात उपरोधाला जागा नाही. नोंद एवढीच, की त्या जमावातल्या माणसांनाही आदल्या दिवशी कोणी विचारले असते, तर मोबाइलचा आपल्यावर काही परिणाम नाही असेच त्यांनी सांगितले असते.

फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये कोंबडीने कोरोना होतो हा संदेश फिरला. सरकारने तसे काही नाही म्हणून सांगितले, डॉक्टरांनी सांगितले, कुक्कुटपालकांनी हात जोडून सांगितले. तरी दर कोसळले आणि इथून जवळच्या गोकाक तालुक्यात एका पोल्ट्रीवाल्याने हजारो पक्षी खड्ड्यात पुरले. मटणाच्या दरासाठी २०१९ च्या अखेरीस ज्या कोल्हापूरने आंदोलन केले होते, त्याच कोल्हापूरने एका निनावी संदेशावर चिकन सोडले. गृहस्थांचा या संदेशावर विश्वास नव्हता. त्यांनी चिकन आणले नाही ते केवळ घरच्यांनी नको म्हटले म्हणून. घरच्यांना तो संदेश कोणी पाठवला, हे ग्रुपमध्ये अजून पाहता येईल.

जून २०२३ मध्ये कोल्हापूर शहरात काही तरुणांच्या आक्षेपार्ह व्हॉट्सॲप स्टेटसवरून तणाव वाढला. ७ जूनला बंद, दगडफेक, लाठीमार आणि शेवटी जिल्ह्यात इंटरनेट बंद. स्टेटस चोवीस तासांत आपोआप पुसले जाते. गुन्हा दाखल झालेल्या पोराची कोर्टातली तारीख तशी पुसली जात नाही.

सगळाच परिणाम वाईट असतो असे समजणे हाही गृहस्थांचाच पवित्रा. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थशास्त्रज्ञांनी गोव्यासह काही राज्यांत केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. केबल टीव्ही आलेल्या खेड्यांत, नवऱ्याने मारणे रास्त आहे असे मानणाऱ्या बायका कमी झाल्या आणि मुलगाच हवा हा हट्टही कमी झाला, असे त्यांना दिसले. ज्या मालिकांनी सून बिघडते म्हणतात, त्याच मालिकांनी ती उलट बोलायला शिकली असेल, तर बिघडले नेमके कोणाचे, हे तपासायला हवे. लग्नाआधीचे फोटो काढायला आंबोलीच्या धबधब्यात भिजणाऱ्या जोडप्यांना नावे ठेवणाऱ्यांनी निदान इतके मान्य करावे, की ती दोघे लग्नाआधी एकमेकांशी बोललेली असतात.

तरी सदर गृहस्थांनी पुढील बाबींचा लेखी खुलासा करावा. घरातली टूथपेस्ट कोणत्या कारणाने निवडली? गेल्या आठवड्यात ज्या विषयावर सर्वांत जोराने वाद घातला, तो विषय प्रथम कोठे वाचला वा पाहिला? शेवटचा पुढे पाठवलेला संदेश अखेरपर्यंत वाचला होता काय? खुलासा स्वतःच्या शब्दांत आणि स्वहस्ते लिहिलेला असावा. फॉरवर्ड केलेले उत्तर ग्राह्य धरले जाणार नाही.

कळावे,
पदवी वर्गातला एक विद्यार्थी,
गडहिंग्लज

प्रत माहितीसाठी : सदर गृहस्थांचे शेजारी.