भावकाका

‘तूरडाळ कुठून घेता हो?’ हा प्रश्न भावकाकांना विचारायचाच असेल, तर हातात दुधाची पिशवी नसताना विचारावा. उत्तर ‘कुठली तूरडाळ?’ या प्रतिप्रश्नाने सुरू होतं. रोजच्या वरणाची, की पाहुणे असतील त्या दिवशीची? पॉलिशची, की बिनपॉलिशची? लातूरची, की अकोल्याची? विचारणाऱ्याला अर्धा किलो डाळ हवी असते. अर्ध्या तासाने त्याच्या पदरात महाराष्ट्रातल्या डाळ गिरण्यांचा इतिहास-भूगोल पडतो आणि दूध नासायच्या बेतात आलेलं असतं.

पुण्यात दर सोसायटीला एक भावकाका असतात. ठाण्या-डोंबिवलीत असतात, नाशकातही असतात. पाटीवरचं नाव काहीही असो, गेटवरचा वॉचमनसुद्धा त्यांना याच नावाने ओळखतो. बँकेतून, विमा कंपनीतून नाहीतर टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. पेन्शन बरी, मुलगा अमेरिकेत, गुडघे अजून शाबूत. पैसे वाचवायची गरज बेताची आणि वाचवायला वेळ मुबलक. स्कूटरच्या डिकीत कायम सहा कापडी पिशव्या. जून २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा सगळं शहर भाजी कशात न्यायची म्हणून गांगरलं होतं. भावकाका त्या आठवड्यात जरा जास्तच वेळा खाली उतरले, पिशव्या फडकवत.

एकाच दुकानातून महिन्याचं सगळं वाणसामान भरणारा माणूस त्यांच्या लेखी हिशेबात कच्चा. त्यांची यादी पाठकोऱ्या कागदावर असते आणि प्रत्येक जिनसापुढे खूण असते: ‘मा.’, ‘डी.’, ‘मं.’, ‘शेठ’. मा. म्हणजे मार्केट यार्ड, डी. म्हणजे डीमार्ट, मं. म्हणजे मंडई, आणि शेठ म्हणजे कोपऱ्यावरचा वाणी, ज्याला चाळीस वर्षांत शेठखेरीज दुसऱ्या नावाने कोणी हाक मारलेली नाही.

एप्रिल उजाडला की ‘मा.’चा हंगाम. वर्षाचा गहू-तांदूळ गुलटेकडीच्या भुसार बाजारातूनच यायला हवा, हा त्यांच्या घराण्याचा नेम. एकट्याला गोणी जड जाते म्हणून शेजारच्या दोन-तीन बिऱ्हाडांना आधीच पटवलेलं असतं; ती बिचारी ‘नको’ म्हणायची चोरी म्हणून हो म्हणतात. दुकानात शिरल्यावर काका भाव विचारत नाहीत. उघड्या पोत्यात हात घालून तळाशी असलेला गहू वर काढतात (वरचा दाखवायचा असतो, हे सूत्र), तळहातावर पसरतात, फुंकर मारतात आणि एक दाणा दाताखाली धरतात. कटकन फुटला तर वाळलेला, चिवट लागला तर ओल आहे.

‘हा सिहोर नाही.’

‘काका, सिहोरच आहे. मध्य प्रदेशचाच माल.’

‘सिहोरच्या शेजारचा असेल.’

दुकानदार चहा सांगतो. त्याने असे भावकाका गेल्या तीस एप्रिलांत पुष्कळ पचवलेत. दाण्याची परीक्षा झाल्यावर किलोमागे दोन रुपये सुटणार, हे दोघांनाही ठाऊक असतं. पण चहाशिवाय सुटले तर त्यात मजा नाही. मग मोर्चा तांदळाकडे. इंद्रायणीच्या पोत्यापाशी सोबतच्या बिऱ्हाडांना कळतं की हा वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहर आणि आयआर-८ यांच्या संकरातून झाला. वास आईकडून, उतारा वडिलांकडून, असं काका सांगतात. नवा घेतलात तर भात चिकट होणार, मऊ भात-मेतकुटाला उत्तम, पुलावाच्या वाटेला जाऊ नका. हे सगळं खरं असतं, हीच भावकाकांची पंचाईत. ते नुसते थापा मारत असते, तर लोकांनी त्यांना केव्हाच टाळलं असतं.

गोणीमागे आता एक कायदेशीर कारणही आलंय. १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळी-पिठावर २५ किलोपर्यंत पाच टक्के जीएसटी लागू झाला. सुटं घ्या किंवा २५ किलोच्या वरचं पोतं घ्या, कर नाही. ही बातमी वाचली त्या दिवसापासून तीस किलोचा कट्टा हे भावकाकांच्या दृष्टीने समाजकार्य झालं. कट्टे घरी आल्यावर मात्र निवडणं, ऊन दाखवणं, डाळीला एरंडेल चोळणं, गव्हात कडुनिंबाचा पाला घालणं ही कामं काकूंच्या खात्यावर जातात. वाचलेले पैसे काकांच्या खात्यावर.

डीमार्टबद्दल बोलताना त्यांच्या आवाजात आदर असतो. राधाकिशन दमाणी शेअर बाजारातला मुरलेला माणूस. त्याने २००२ साली पवईला पहिलं दुकान उघडलं, बहुतेक जागा भाड्याने न घेता विकतच घेतल्या, माल देणाऱ्यांचे पैसे लवकर चुकते करून भाव पाडून घेतला आणि दुकानात झगमगाटावर छदाम खर्च केला नाही. हे चरित्र काका एखाद्या संतचरित्रासारखं सांगतात. उलट उदाहरण म्हणून बिग बाजार. २६ जानेवारी २००६ ला तिथे ‘सबसे सस्ता दिन’ जाहीर झाला आणि देशभर दुकानांत रेटारेटी झाली. भावकाका त्या गर्दीत होते आणि कुकर घेऊन बाहेर पडले होते. २०२२ मध्ये त्या पाट्या उतरल्या, जागा रिलायन्सकडे गेल्या. ‘रोज स्वस्त देणारा टिकतो, एक दिवस स्वस्त देणारा बुडतो,’ हा त्यांचा निष्कर्ष. बिग बाजार बुडण्याला कर्जाचा डोंगर आणि कोविड अशी इतरही कारणं होती. पण ती कुकरइतकी जवळून पाहिलेली नव्हती.

तेल, साबण, साखर, चहा इतकंच तिथून आणायचं, असं यादीत स्पष्ट लिहिलेलं असतं. काका पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचतात. वजन किती, एका ग्रॅमला किती पडतं. पार्ले-जीचा छोटा पुडा किमतीला जवळपास स्थिर राहून वर्षागणिक कसा रोडावत गेला, हे सांगताना त्यांचा गळा दाटून येतो. इतका सावध माणूस, पण वरच्या मजल्यावर पाय ठेवला की त्याचा तोल जातो. तिथे टब असतात. झाकणाचे डबे असतात. ‘एवढ्याशा पैशांत एवढी बादली!’ गेल्या दिवाळीच्या आत घरात एकात एक बसणाऱ्या सात टोपल्या जमल्या होत्या. त्यांत काय ठेवायचं हा प्रश्न काकूंनी विचारला, तेव्हा आठवी टोपली आली.

मंडई हा प्रतवारीने वेगळा विषय. भाजी हाताने निवडूनच घ्यायची, हे तिथे जाण्याचं कारण. शिवाय १८८६ साली ‘रे मार्केट’ म्हणून उघडलेल्या या अष्टकोनी इमारतीवरच्या खर्चाला ज्या जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत विरोध केला, त्यांचंच नाव पुढे तिला मिळालं, हे मेथीच्या जुडीवर सांगता येतं.

तत्त्वासाठी मात्र एकच नाव: ग्राहक पंचायत. बिंदुमाधव जोशींनी सत्तरीच्या दशकात उभी केलेली चळवळ; मुंबईत १९७५ पासून शेजारशेजारची कुटुंबं संघ करून महिन्याची मागणी एकत्र नोंदवतात आणि आलेला माल आपसात वाटून घेतात. मधला दलाल नाही, जाहिरात नाही. भावकाका दादरला असताना अशाच एका संघाचे खंदे कार्यकर्ते होते. वाटपाच्या दिवशी शेंगदाण्याच्या पुड्यांवर नावं लिहिण्याचं काम त्यांच्याकडे. ते आठवलं की म्हणतात, ‘तेव्हा लोक बायकोला न विचारता डाळ बदलत नसत, आणि संघाला न विचारता दुकान.’

आता शेठ. हिशेबाने पाहिलं तर भावकाकांनी तिथे पाऊलच टाकायला नको. भाव छापील, वर सूट नाही. पण त्यांच्या यादीत सगळ्यांत जास्त खुणा शेठच्या नावाच्याच असतात, आणि हे त्यांनी कोणाला दाखवलेलं नाही. पापड खारावले तर परत घेतो. पाहुणे अचानक आले तर फोनवर रवा वर पाठवतो. फ्लॅटची एक किल्ली त्याच्या गल्ल्यात असते. २०२० च्या टाळेबंदीत मार्केट यार्ड बंद पडलं, डीमार्टबाहेर चुन्याच्या गोलांत रांगा लागल्या. त्या दोन महिन्यांत सोसायटी जगली ती शेठच्या पोऱ्याने जिन्यात ठेवलेल्या पिशव्यांवर. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, शेठ अधूनमधून खालच्या आवाजात सांगतो, ‘काका, बेसन आज नका घेऊ. परवा नवं येतंय.’ फळीवरचं पाकीट हे सांगत नाही. त्या एका वाक्यासाठी किलोमागे चार रुपये जास्त गेले, तरी काका बोटं मोडत नाहीत.

परदेशातही त्यांची कीर्ती आहे. मुलाकडे न्यू जर्सीला गेले की ते भाव डॉलरने गुणतात, पौंडाने भागतात आणि उसासा टाकतात. १९७४ साली शिकागोच्या डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवर निघालेलं पटेल ब्रदर्स आज अमेरिकाभर पसरलंय; एडिसनच्या आसपास तर मराठी माणसाची शनिवारची हजेरी अशा एखाद्या दुकानात ठरलेली. २० जुलै २०२३ ला भारताने बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली आणि तिथल्या भारतीय दुकानांत सोनामसुरीच्या पोत्यांवर उड्या पडल्या. काही ठिकाणी माणशी एकच पोतं मिळत होतं. भावकाका तेव्हा तिथेच होते. सून, मुलगा, नातू आणि स्वतः असे चौघे चार वेगवेगळ्या रांगांत उभे करून त्यांनी चार पोती आणली. बंदी २०२४ च्या सप्टेंबरात उठली. सुनेच्या गॅरेजमधला तांदूळ त्यानंतरही चालू होता.

अलीकडे घरात नवाच शत्रू शिरलाय. परवा दार वाजलं, तर हेल्मेटातला मुलगा कोथिंबीर घेऊन उभा.

‘ही कुणी मागवली?’

‘मी,’ काकू म्हणाल्या. ‘पोहे गॅसवर आहेत. तुम्ही मंडईत जाऊन येईपर्यंत रात्रीची जेवणं व्हायची.’

ग्रोफर्सचं २०२१ मध्ये ब्लिंकिट झालं, झेप्टोचं सुरुवातीचं नाव किराणाकार्ट होतं, हे काकांना पाठ आहे. शत्रूची माहिती ते ठेवतात. त्यांनी बिलातली हाताळणीची रक्कम पेन्सिलीने अधोरेखित केली आणि जुडी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. वजन बरोबर भरलं. मग देठं मोजायला घेतली. काकूंनी पोह्यांची बशी पुढे सरकवली.

वाचकांपैकी कुणाला यंदा गहू भरायचा असेल, तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आपल्या सोसायटीतल्या भावकाकांना गाठावं. पिशव्या त्यांच्याच असतील, चहा दुकानदाराचा असेल आणि गहू खरोखर चांगला मिळेल. गुलटेकडीपर्यंतच्या दोन खेपांना पेट्रोल किती लागलं, एवढं फक्त विचारू नये.