शंकेची पाल

मुलीचा पुण्याहून फोन आला, "बाबा, तुमच्यासाठी व्हिजन बोर्ड पाठवलाय." माझ्या डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते. त्यामुळे मला वाटलं, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे असतो तसला, वर ठसठशीत आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांचा फळा असणार. पोरीला बापाच्या डोळ्यांची काळजी आहे म्हणून जरा गहिवरूनही आलं. कुरियरवाल्याने कोसबाडची टेकडी चढायला नकार दिला, म्हणून डहाणूला जाऊन पुडकं सोडवून आणलं. आत एक सॉफ्टबोर्ड, रंगीत टाचण्यांची डबी आणि चिठ्ठी: 'आयुष्यात जे हवं असेल त्याचं चित्र इथे लावा आणि रोज बघा.' फळ्यावर अक्षर एकही नाही.

मग फोनवर तासभर माझी शिकवणी झाली. आयुष्यभर मी दुसऱ्यांची पोरं शिकवली, आता माझी पोर मला शिकवते. हिशेब बरोबर झाला. २००६ साली 'द सीक्रेट' नावाचा सिनेमा आणि पुस्तक आलं, त्यातून हे खूळ जगभर पसरलं म्हणे. त्यात जॉन असराफ नावाचा एक गृहस्थ आहे. त्याने एका आलिशान घराचं चित्र बोर्डावर चिकटवलं होतं. पुढे बऱ्याच वर्षांनी नव्या घरात सामानाची खोकी उघडताना तो बोर्ड निघाला, आणि बघतो तर काय, चित्रातलं घर तेच, ज्यात तो उभा होता! मी म्हटलं, "अगं, डोंबिवलीच्या खिडकीतून समोरची बिल्डिंग मी तीस वर्षं रोज बघितली. तिच्यातली एक खोलीसुद्धा माझ्या नावावर झाली नाही." ती म्हणाली, "बाबा, तुम्ही हवी म्हणून बघत नव्हता." हे मात्र खरं. त्या बिल्डिंगीमुळे आमचं ऊन अडायचं, म्हणून मी बघत होतो.

तर रद्दी आणि कात्री घेऊन बसलो. निवृत्त माणसाला काय हवं असतं हे ठरवायला एक दुपार लागते आणि त्याचं चित्र मिळवायला एक आठवडा. वजन उतरवायचं होतं, म्हणून सुटिंगच्या जाहिरातीतला एक शेलाटा, पिकल्या केसांचा माणूस कापला. काश्मीर सहलीवाल्यांच्या पत्रकात मिळालं. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीचा गड दर चैत्रात पुढच्या चैत्रावर ढकलत आलोय, त्याचा फोटो मीच काढला. बासरी शिकायची होती, पण नुसत्या बासरीचं चित्र काही मिळेना. शेवटी जुन्या कॅलेंडरातला मुरलीधर लावला. तिथेच घोटाळा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर बोर्डावर जास्वंदीचं फूल! आमच्या हिने देव दिसला म्हणून हात जोडले होते आणि काश्मीरच्या कोपऱ्यालाही चुकून हळदीकुंकवाचं बोट लागलं होतं.

कामाला येणाऱ्या मावशी वारली, तलासरीकडच्या पाड्यावर त्यांचं माहेर. केर काढता काढता थांबल्या आणि सुटातल्या माणसाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "जावई का, गुरुजी?"

"नाही, मी. पुढच्या वर्षीचा."

मावशींनी एकदा चित्राकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि पुन्हा केर काढायला लागल्या.

पंधरा दिवसांत बोर्डामागे पाल राहायला आली. भिंत आणि बोर्ड यांच्यात बोटभर फट, शेजारी दिवा, दिव्यापाशी चिलटं. पालीच्या व्हिजन बोर्डावर याहून वेगळं काय असणार? मी सकाळी चहाचा कप घेऊन बोर्डासमोर उभा राहायचो, शेलाट्या माणसाकडे एकाग्र व्हायचो, 'हा मी, हा मी' असं घोकायचो, की मागून चुक्-चुक्-चुक्. मराठी माणसाला मनातली शंकेची पाल पुरे असते. माझी भिंतीवरची होती आणि वेळेवर बोलायची. झाडू घेऊन हाकलावी म्हटलं तर ही म्हणाली, "राहू द्या हो. जिल्ह्याचं नावच पालघर." यावर मला उत्तर सुचलं नाही.

फाल्गुनात मावशींच्या भाच्याचं लग्न होतं, त्याला आम्ही दोघंही गेलो. आदल्या दिवशीच गेलो, म्हणून लग्नाचा चौक होताना बघायला मिळाला. कुडाची भिंत शेणामातीने सारवून गेरूने रंगवलेली. तांदळाचं पीठ पाण्यात कालवून पातळ केलेलं, टोकाला ठेचलेली बांबूची काडी, आणि चार सवाष्णी भिंतीला अगदी नाक लावून काम करताहेत. त्या 'चौक काढतो' म्हणत नव्हत्या, 'लिहितो' म्हणत होत्या. चौकटीत पालघट देवी, भोवती नक्षीच्या पट्ट्या, चंद्रसूर्य, शिडी, फणी, झाडं. शेजारच्या लहान चौकटीत घोड्यावरचा पंचशिऱ्या देव. एकीची रेघ वाकडी गेली तर दुसरीने त्या वाकड्या रेघेचंच झाड करून टाकलं. खोडरबर नाही, हळहळ नाही. दुसऱ्या दिवशी धवलेरीने गाणी म्हणून लग्न लावलं; इथे पुरोहित बाई असते. हा चौक असल्याशिवाय लग्न होत नाही. म्हणजे व्हायचं ते आधी भिंतीवर लिहायचं आणि मग त्याच्यासमोर ते घडवायचं. मी मनात म्हटलं, हा तर आमच्या पोरीचाच बोर्ड!

पण मग मी त्यात नवरा-नवरी शोधायला लागलो. मला असलं शोधायची खोडच आहे. झाडं होती, देव होते, जनावरं होती. लग्न कुणाचं, हे मात्र चित्रावरून ओळखता येईना. मावशींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, त्यांचं चित्र कशाला, ते तर बाहेर बसलेत ना. माझ्या बोर्डावर सगळीकडे मीच होतो: बारीक झालेला मी, काश्मीरला जाणारा मी, गड चढणारा मी. बायकोसुद्धा नव्हती. काश्मीरला काय एकटाच जाणार होतो? हा प्रश्न परतीच्या रिक्षात तिनेच विचारला.

जवळच्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्याबद्दल सांगतात की लहानपणी आई गेली तसं त्यांनी बोलणं सोडलं आणि हवं-नको ते मातीत चित्र काढून सांगू लागले. पुढे सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले, भिंतीवरची चित्रं कागदावर आली आणि एरवी बायकांच्या हातातल्या या कामात मशे यांनी आयुष्य घातलं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मातीत काढलेल्या चित्रांत पद्मश्री असेल असं वाटत नाही. भाकरी असेल.

आणि टेकडीवर राहून अनुताईंचं नाव घेतल्याशिवाय कसं चालेल! ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये सगळा संसार कोसबाडला आला. काढायची होती बालवाडी. मुलं येईनात, म्हणून बालवाडीच उठून पाड्यावरच्या अंगणात गेली आणि तिची अंगणवाडी झाली. जरा मोठी मुलं गुरं राखायला जात, म्हणून शाळा गुरांमागे कुरणात गेली. तिला नाव पडलं कुरणशाळा. साहित्य म्हणजे शिंपले, बिया, खडे, पानं. आता मला सांगा, १९४५ साली या बाईंनी कात्री घेऊन बसायचं ठरवलं असतं तर अंगणवाडीचं चित्र कुठल्या मासिकातून कापलं असतं? ती अजून व्हायचीच होती, आणि व्हायला मुलांनी आधी न येणं भाग होतं. १९७५ साली सरकारची देशभरची बालविकास योजना आली आणि तिची केंद्रं अंगणवाड्या झाली. ते बघायला ताराबाई नव्हत्या, दोन वर्षांपूर्वीच गेल्या. अनुताई १९९२ पर्यंत होत्या.

हे सगळं मी मुलीला फोनवर ऐकवलं. ती हुशार आहे. तिने मलाच एक अभ्यास वाचायला पाठवला. गॅब्रिएल ओटिंगन नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९१ साली तो प्रसिद्ध केला. वजन उतरवायला आलेल्या बायकांना त्यांनी विचारलं, तुमच्या डोळ्यांपुढे स्वतःचं कसं चित्र येतं? जमेल अशी उमेद असलेल्यांचं वजन जास्त उतरलं, ते ठीकच. पण ज्यांना आपण सडपातळ झाल्याची गोड स्वप्नं पडत होती, त्यांच्यापेक्षा ज्यांच्या डोळ्यांपुढे अडचणी येत होत्या, समोर मिठाई आली तर आपलं कसं होणार असं येत होतं, त्यांचं जास्त उतरलं. थोडक्यात, ज्यांची पाल चुकचुकत होती त्यांचं! मी बोर्डाकडे नव्या आदराने बघितलं. माझं वजन तेव्हा दीड किलोने वाढलं होतं, पण तो दोष चिकूचा. बागेतला चिकू झाडावरून उतरवला की चार दिवसांत पिकतो आणि पाचव्या दिवशी हाताबाहेर जातो; तो वाया घालवण्यापेक्षा माणसाने स्वतः वाया गेलेलं बरं.

पावसाळ्यात बोर्डाची रयाच गेली. काश्मीर वाळवीने खाल्लं. ओल धरून सुटातल्या माणसाचा कागद नेमका पोटाशी फुगला आणि तो थेट माझ्यासारखा दिसायला लागला. मावशींनीही या वेळी ओळखलं. रिकाम्या झालेल्या जागेत हिने लाइटचं बिल टाचलं, मग दुधाचा हिशेब, मग कुत्र्याच्या इंजेक्शनची चिठ्ठी. गड तेवढा टिकून आहे, पुढच्या चैत्रासाठी.

एके दिवशी मावशींनी पदराआडून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड काढलं. नातीचं, लसीचं. त्यांच्या घरात कौलांतून गळत होतं आणि कार्ड भिजलं असतं. "तुमच्या फळ्याला लावा, गुरुजी. तारीख आली की सांगा." मी लाल टाचणीने ते मुरलीधराच्या शेजारी लावलं आणि तारखेभोवती पेनाने गोल केला.

त्या तारखेला सकाळपासून धो धो पाऊस. पाड्याची अंगणवाडी ओढ्यापलीकडे. मावशी नातीला कडेवर घेऊन व्हरांड्यात उभ्या, जायचं की नाही ते ठरेना. मी बोर्डाजवळ जाऊन तारीख पुन्हा वाचली, चष्म्याशिवाय, डाव्या डोळ्याने. तेवढ्यात मागून चुक्-चुक्-चुक्.

हिने सवयीने टेबलावर बोट आपटलं, "कृष्ण कृष्ण!" आणि मला म्हणाली, "अहो, मोठी छत्री घ्या. ती नाही, तिची काडी मोडलीये. दाराआडची."